हायड्रोजन साठवायचा कशात?

एक किलो हायड्रोजनमध्ये एक किलो पेट्रोलच्या जवळपास तिप्पट ऊर्जा असते. फ्युएल सेलवर चालणाऱ्या गाडीतून धूर नव्हे, पाणी बाहेर पडते. अडचण आहे ती साठवणुकीची. साध्या तापमानाला आणि दाबाला एवढा हायड्रोजन सुमारे १२ घनमीटर जागा व्यापतो. म्हणून टोयोटाच्या 'मिराई' मोटारीत तो वातावरणाच्या सुमारे ७०० पट दाबाने भरावा लागतो. द्रवरूपात ठेवायचा तर उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो. दोन्ही मार्ग खर्चिक आहेत.

तिसरा मार्ग कार्बनचा. पाण्याच्या फिल्टरमधला सक्रिय कोळसा आपल्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींवर अशुद्ध द्रव्ये धरून ठेवतो. हायड्रोजनही तसाच धरता येतो. जितका पृष्ठभाग अधिक, तितकी जागा अधिक. ग्राफीन हा एका अणूइतक्या जाडीचा कार्बनचा थर. एक ग्रॅम ग्राफीनच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे २,६३० चौरस मीटर भरतात, म्हणजे कबड्डीची वीस मैदाने!

१९९७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी 'नेचर'मध्ये अंदाज मांडला, की कार्बनच्या नॅनोनलिका ५ ते १० टक्के हायड्रोजन साठवू शकतील. पाठोपाठ याहून मोठे दावे झाले. पण इतर प्रयोगशाळांना ते आकडे मिळेनात. २००१ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी एक कारण दाखवले. नलिकांवर प्रक्रिया करणाऱ्या अल्ट्रासाउंड उपकरणातून टायटॅनियमच्या मिश्रधातूचे कण नमुन्यात मिसळत होते आणि हायड्रोजन शोषत होते ते कण!

मूळ अडचण कार्बनच्या सैल पकडीची आहे. उणे १९६ अंशांना दर ग्रॅममागे ५०० चौरस मीटर पृष्ठभागावर साधारण एक टक्का हायड्रोजन टिकतो. खोलीच्या तापमानाला मात्र रेणूंची धावपळ वाढते आणि ते निसटतात. पकड फार घट्ट केली, तर वायू सोडवायला उष्णता खर्चावी लागते. म्हणून आता एक नॅनोमीटरहून लहान छिद्रे घडवणे, कार्बनच्या काही अणूंच्या जागी बोरॉन बसवणे, असे प्रयत्न चालू आहेत.

भारताने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजननिर्मितीचे लक्ष्य ठेवले आहे. तो साठवण्याचे नवे दावेही कानावर येतील. तेव्हा टक्केवारीआधी एक प्रश्न विचारावा: हे कोणत्या तापमानाला?