ग्रामसभा आणि माहितीचा अधिकार

प्राचीन भिक्खू संघाच्या सभेत ठराव, गणसंख्या व मतदान यांचे नियम होते, याची आठवण परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत करून दिली. सर्वांसमक्ष निर्णय घेणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही.

७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. गावच्या मतदार यादीतील प्रत्येक स्त्री-पुरुष तिचा सभासद आहे. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. तेथे प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे.

परंतु नुसत्या तोंडी प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर मिळते. हाती कागद हवा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करावयाची असते. ती आपल्या वस्तीत किती आली? माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये त्या खर्चाच्या, ठरावांच्या व पावत्यांच्या प्रती मागता येतात. अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत असावा. शुल्क १० रुपये; दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना माफ. कारण सांगावे लागत नाही. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करावे. तेथेही न्याय न मिळाल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जावे.

विद्यार्थ्यांनी अर्ज लिहून द्यावेत, वडीलधाऱ्यांनी आणि माता-भगिनींनी ते कागद घेऊन ग्रामसभेत उभे राहावे. हक्क वापरला तरच तो टिकतो.