हीट पंपाचा अबोला

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहात ऐन परीक्षेच्या दिवसांत गरम पाणी बंद झाले. गच्चीवरचा हीट पंप सुरू होई, दोन-तीन मिनिटे चाले आणि थांबे. पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक उमटे. माहितीपुस्तिकेत त्याचा अर्थ एवढाच दिला होता : संवाद-दोष. दुरुस्ती करणाऱ्यांनी मुख्य सर्किट बोर्ड एकदा बदलला होता, आणि आता आणखी एक बोर्ड बदलावा लागेल असे ते म्हणत होते. मी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवले, म्हणून विश्वस्तांनी मला बोलावले. हे दोन शब्द नेमके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, ते इथे मांडावेसे वाटते. अशी यंत्रे आता रुग्णालयांच्या, हॉटेलांच्या गच्च्यांवर दिसू लागली आहेत आणि बदललेल्या बोर्डांचे पैसे शेवटी आपल्याच खिशातून जातात.

हीट पंप म्हणजे उलट्या कामाला लावलेला फ्रिज. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून पाण्याला देतो. गीझर एक युनिट वीज घेऊन फार तर एक युनिट उष्णता देतो. पुण्याच्या हवेत हीट पंपाकडून तेवढ्याच विजेत साधारण तीन युनिट मिळू शकतात. वसतिगृहाच्या छतावर सौर पॅनेल आहेत. दुपारी वीज मुबलक असते, तेव्हाच पाणी तापवून टाकीत साठवावे, असा विश्वस्तांचा रास्त हिशेब होता. त्यासाठी पंपाला ‘आता सुरू हो’ असे सौरयंत्रणेच्या नियंत्रकाने सांगायला हवे. पण पंप त्याच्या कंपनीची भाषा बोलतो आणि नियंत्रक मॉडबस. मॉडबस ही मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये कारखान्यांतल्या यंत्रांसाठी तयार केलेली संवादपद्धत आहे. दोघांच्या मध्ये दुभाषा लागतो, तो म्हणजे अडॅप्टर. तळहातावर मावेल एवढी ही डबी बसवली आणि त्याच दिवशी अबोला सुरू झाला.

संवाद-दोष ही ऐकणाऱ्याची तक्रार असते. ‘ठरलेल्या वेळात मला समजेल असे काही ऐकू आले नाही,’ एवढेच तो सांगतो. समोरचा बोललाच नाही, की बोलला पण वाटेत शब्द हरवले, की दोघे एकदम बोलले, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. बोर्ड मेला आहे, असे तर तो मुळीच म्हणत नाही.

म्हणून मी आधी अडॅप्टर काढला, एमसीबी पाडून पाच मिनिटे थांबलो आणि पुन्हा वीज दिली. हे थांबणे महत्त्वाचे असते, कारण आपल्याला कोण कोण जोडलेले आहे याची चाचपणी पुष्कळ बोर्ड वीज आल्यावर एकदाच करतात. पंप तासभर बिनतक्रार चालला. म्हणजे बोर्ड आणि भिंतीवरचा रिमोट यांचे आपसात ठीक होते. अडॅप्टर परत जोडल्यावर दोष परतला, पण लगेच नाही. पंख्याचा आवाज येई, मग कॉम्प्रेसर घुमू लागे, आणि त्यानंतर मिनिटभरात क्रमांक झळके. तारा चुकीच्या जोडल्या असत्या तर पहिल्या क्षणापासूनच बोलणे झाले नसते. हे तेव्हाच ध्यानात यायला हवे होते. मी मात्र अडॅप्टर आणि रिमोट यांच्यात मुख्य कोण आणि दुय्यम कोण, हे ठरवणाऱ्या खटक्यांच्या मागे एक अख्खी संध्याकाळ घालवली. दोन्ही ‘मुख्य’ असले तर एकमेकांवर ओरडतात, हे खरे. पण इथे ते बरोबर होते.

या पंपात बोर्ड आणि रिमोट आरएस-४८५ पद्धतीच्या दोन तारांवर बोलतात आणि अडॅप्टर त्याच तारांना मध्ये जोडलेला होता. या पद्धतीत निरोप असतो तो दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकात. बाहेरचा विद्युत-गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडला तर फरक तसाच राहतो. तारा एकमेकींना पीळ देऊन नेतात त्या याचसाठी. ऐकणाऱ्याला निदान ०.२ व्होल्टचा फरक लागतो. शिवाय तारेच्या टोकावरून निरोप प्रतिध्वनीसारखा मागे फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध लावतात. दोनच टोके, दोनच रोध. वीज बंद करून मल्टिमीटर लावला तर दोघे मिळून ६० ओहमच्या आसपास दिसायला हवेत.

मला ४० दिसले. १२० ओहमचे तीन रोध समांतर जोडले की बरोबर ४० होतात. बोर्डात एक, रिमोटमध्ये एक आणि तिसरा अडॅप्टरच्या आत. तो चालू-बंद करायचा खटका कारखान्यातूनच ‘चालू’ आला होता. या पद्धतीचे प्रमाण ५४ ओहमच्या भारावर किमान १.५ व्होल्टची हमी मागते. भार त्याहून जड झाला की आवाज दबतो. शांत असताना दबलेला आवाजही ऐकू येई, पण कॉम्प्रेसरचा इन्व्हर्टर सुरू झाला की बुडे. त्यात भर म्हणजे बसवणाऱ्यांनी अडॅप्टरची केबल कॉम्प्रेसरच्या थ्री-फेज तारांच्याच पाइपातून ओढली होती, आणि तीही पीळ नसलेली.

खटका बंद केला. पीळ दिलेली, जाळीचे आवरण असलेली केबल वेगळ्या पाइपातून नेली, आवरण एकाच टोकाला अर्थ केले. मीटरवर ६० आले.

नियंत्रकाच्या बाजूचा घोळ किरकोळ निघाला. आरएस-४८५ च्या तारांना ए आणि बी म्हणतात, पण कोणती ए याबाबत उत्पादकांत एकवाक्यता नाही. तारांची अदलाबदल करून पाहायला काहीच खर्च येत नाही आणि त्याने बिघडतही नाही. त्यानंतरही उत्तर येईना, तेव्हा पॅरिटी पाहिली. मॉडबसच्या नियमात मुळात सम पॅरिटी सांगितली आहे, हा अडॅप्टर पॅरिटीशिवाय बोलत होता. ती जुळवली आणि टाकीचे तापमान नियंत्रकावर दिसू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता पंप आपसूक सुरू झाला आणि मुलींना संध्याकाळी गरम पाणी मिळाले. आधी काढून ठेवलेला जुना बोर्ड ऑफिसच्या कपाटात पडून होता. पुढच्या रविवारी मी तो मागून घेतला आणि त्याच पंपाला लावून पाहिला. पंप दिवसभर चालला.