चुंबकाने अडवलेला ऑक्सिजन

ऑक्सिजन वायूला चुंबक ओढून घेतो, हे मायकेल फॅरडे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच ओळखले होते. पण वायू डोळ्यांना दिसत नाही आणि ही ओढही क्षीण. भरल्या वर्गाला ती दाखवायची तर ऑक्सिजन द्रवरूपातच हवा. १८८३ मध्ये क्राकूव्हला व्रुब्लेव्हस्की आणि ओल्शेव्हस्की यांनी तो नळीत साठवून दाखवला. पुढे १० डिसेंबर १८९१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअर यांनी सैंधवाच्या वाटीत तो घेतला, कारण सैंधव या द्रवाने ओले होत नाही. वाटी फॅरडेंच्याच जुन्या विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवली. प्रवाह सुरू होताच द्रव उसळून ध्रुवांना चिकटला आणि वाफ होऊन संपेपर्यंत तिथून हलला नाही. ड्यूअरही चकित झाले.

असे का होते, हे सांगायला तेव्हा कोणीच नव्हते. पिएर क्यूरी यांनी १८९५ मध्ये तापमानानुसार ऑक्सिजनचे चुंबकत्व कसे घटते ते मोजले. १९१६ मध्ये लुईस यांनी रासायनिक बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी असे मांडले. त्यानुसार ऑक्सिजनच्या रेणूत दुहेरी बंध दाखवला, तर एकही इलेक्ट्रॉन एकटा उरत नाही. चुंबकाची ओढ तर एकट्या इलेक्ट्रॉनमुळे येते, मग चुंबकाने त्याला ओढायलाच नको. मलिकन आणि लेनर्ड-जोन्स यांनी १९२८-२९ मध्ये रेणवीय कक्षकांच्या आधारे हा पेच सोडवला. शेवटचे दोन इलेक्ट्रॉन समान ऊर्जेच्या दोन कक्षकांत एकेकटे राहतात. ड्यूअर यांच्या वाटीतून उठलेल्या प्रश्नाला उत्तर मिळायला ३८ वर्षे लागली.

म्हणूनच अकरावीच्या वर्गात आधी उत्तर सांगून मग प्रयोग करणे मला पटत नाही. फळ्यावर लुईस यांची इलेक्ट्रॉनच्या ठिपक्यांची रचना काढावी, काय घडेल ते मुलांना सांगू द्यावे आणि मग चुंबकाच्या ध्रुवांमधून पहिल्यांदा द्रव नायट्रोजन ओतावा. तो सरळ खाली पडतो. त्यानंतर ऑक्सिजन ओतला की तो फटीतच अडतो. फळ्यावरची रचना अपुरी आहे, हे तेव्हा मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

ऑक्सिजन वर्गातच द्रवरूप करता येतो. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ ला. त्यामुळे नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून ऑक्सिजन सोडला की तो थेंबाथेंबाने जमतो. वेटोळ्याला तेल-ग्रीसचा अंशही नको, जवळपास कापूस किंवा ज्योत नको. द्रव ऑक्सिजनात या वस्तू भडकतात. मागे पांढरा पुठ्ठा लावावा, म्हणजे द्रव ऑक्सिजनचा फिका निळा रंग शेवटच्या बाकावरूनही दिसतो.