आकडा काढून टाकलेली वेबसाइट

१६ एप्रिल २०१८ रोजी जगभरच्या पायथन प्रोग्रामरांच्या रोजच्या वापरातल्या एका वेबसाइटने कात टाकली. तिचं नाव ‘पायथन पॅकेज इंडेक्स’, बोलताना ‘पायपीआय’. पायथन ही शाळेच्या प्रकल्पापासून हवामानाच्या अंदाजापर्यंत सगळीकडे चालणारी संगणकभाषा. त्या भाषेत कुणीतरी आधीच लिहून, सगळ्यांसाठी खुला करून ठेवलेला कोड पायपीआयवर मिळतो. आलेख काढायचा आहे, एक्सेलची फाइल वाचायची आहे, एखाद्या वेबसाइटवरून माहिती उचलायची आहे, तर स्वतः सगळं लिहीत बसायची गरज नाही. ‘पिप इन्स्टॉल’ लिहायचं, पुढे पॅकेजचं नाव टाकायचं, की काही सेकंदांत ते आपल्या संगणकावर येतं. आज तिथे सहा लाखांहून अधिक प्रकल्प आहेत आणि रोजच्या डाउनलोडचा आकडा अब्जाच्या वर गेलेला आहे.

जुनी साइट २००३ची. त्याआधीच्या वर्षी रिचर्ड जोन्स यांनी तिचा प्रस्ताव मांडला होता. तेव्हा एवढा पसारा होईल असं कुणाच्या डोक्यातही नसणार. पंधरा वर्षांत तिच्यावर ठिगळं लागत गेली. मोबाइलवर पान उघडलं तर अक्षरं चिमटीने मोठी करून वाचावी लागत. पण दिसणं हा दुय्यम प्रश्न होता. खरं दुखणं आतल्या कोडचं होतं. तो इतका गुंतागुंतीचा झाला होता की मदत करायला आलेल्या नव्या स्वयंसेवकाला ती साइट स्वतःच्या संगणकावर चालवून बघणंसुद्धा जड जाई. डोनाल्ड स्टफ्ट यांनी ‘वेअरहाउस’ या नावाने सगळं नव्याने लिहायला घेतलं. काम स्वयंसेवेवर चाललेलं, त्यामुळे रेंगाळलं. मधली काही वर्षं जुनी आणि नवी अशा दोन्ही साइट एकाच डेटाबेसवर शेजारी शेजारी चालत होत्या. अखेर मोझिलाने एक लाख सत्तर हजार डॉलरची मदत दिली. त्या पैशातून सुमना हरिहरेश्वर यांच्यासारखी प्रकल्प सांभाळणारी आणि निकोल हॅरिस यांच्यासारखी पडद्यावरची मांडणी करणारी माणसं पगारावर घेता आली आणि काही महिन्यांत काम तडीस गेलं. ३० एप्रिलला जुनी साइट बंद झाली.

नव्या पानावर सगळं जागच्या जागी होतं. वर ठळक नाव, त्याखाली इन्स्टॉल करायची तयार आज्ञा, शेजारी ती कॉपी करायचं बटण, बाजूला जुन्या आवृत्त्यांची यादी. एक गोष्ट मात्र नव्हती. जुन्या साइटवर पानाच्या तळाशी त्या पॅकेजचे कालचे, आठवड्याचे आणि महिन्याचे डाउनलोड दिलेले असत. शेवटच्या काळात ते मोजमाप बंदच पडलं होतं आणि नव्या साइटवर ते मुद्दामच परत आणलं गेलं नाही. आजही तिथे पॅकेजच्या पानावर डाउनलोडचा आकडा दिसत नाही.

दुकानाला नवी पाटी लावताना ‘आमचे समाधानी ग्राहक इतके’ हीच ओळ गाळावी, तसा हा प्रकार. पण त्यामागचं कारण पक्कं होतं: तो आकडा माणसांचा नव्हताच.

फाइल उतरवण्याची विनंती सर्व्हरकडे आली की नोंदवहीत एक ओळ पडते. ती विनंती कुणी केली, माणसाने की यंत्राने, हे त्या ओळीवरून कळेलच असं नाही. एखाद्या कंपनीत पन्नास प्रोग्रामर असतील आणि कंपनीने पॅकेजची एक प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली असेल, तर पन्नास जणांचा वापर एका डाउनलोडमध्ये उरकतो. पॅकेज उतरवून देणारा पिप स्वतःही एकदा आणलेली फाइल जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच वापरतो, म्हणजे तिथेही वापर होतो पण नोंद होत नाही. उलट दिशेची गडबड याहून मोठी. हल्ली कोडमध्ये एका ओळीचा बदल केला तरी तो तपासायला कुठल्यातरी क्लाउडमध्ये कोरा करकरीत संगणक आपोआप उभा राहतो, लागणारी सगळी पॅकेजं पहिल्यापासून उतरवतो, चाचण्या घेतो आणि नाहीसा होतो. दहा मिनिटांनी दुसरा बदल आला की पुन्हा तेच. एकट्या प्रोग्रामरच्या नावावर दिवसभरात शेकडो डाउनलोड जमा होतात आणि त्याने त्यातलं एकही स्वतः केलेलं नसतं. याशिवाय संपूर्ण संग्रहाची प्रत ठेवणारे आरसा-सर्व्हर आहेत. ते नवी आलेली प्रत्येक फाइल ओढून घेतात, मग ती जगात कुणालाही नको असो.

२०१३मध्ये पायपीआयच्या फाइल ‘फास्टली’ या कंपनीच्या जाळ्यातून दिल्या जाऊ लागल्या आणि मोजणी आणखी अवघड झाली. विनंती मूळ सर्व्हरपर्यंत न पोचता वापरणाऱ्याच्या जवळच्या केंद्रातूनच फाइल जाते. पानं चटकन उघडू लागली, पण हिशेब जगभर विखुरलेल्या नोंदी गोळा करून मांडावा लागू लागला.

त्या नोंदीत पिप स्वतःची थोडी ओळख देतो: आपली आवृत्ती, पायथनची आवृत्ती, संगणकाची कार्यप्रणाली. त्यात एक रकाना आपोआप चालणाऱ्या चाचणी-यंत्रांसाठी आहे. अशा यंत्रावर काही ठरावीक खुणा असतात. त्या सापडल्या तर पिप तिथे ‘हो’ लिहितो. सापडल्या नाहीत तर मात्र तो ‘नाही’ लिहीत नाही, रकाना रिकामा सोडतो. पिपच्या कोडमध्ये त्या जागी टीप आहे, तिचा आशय असा: ‘नाही’ लिहिलं तर पिपला खात्रीने माहीत आहे असा समज होईल, म्हणून ते टाळलं आहे. आकडेवारीच्या धंद्यात इतका प्रामाणिकपणा क्वचित दिसतो.

सर्वाधिक उतरवल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी पाहिली की हा घोळ डोळ्यांसमोर येतो. वरच्या क्रमांकांवर ‘बोटोथ्री’, ‘युआरएललिबथ्री’, ‘सर्टिफाय’ अशी नावं सापडतात. पायथन शिकणाऱ्या विद्यार्थ्याने यातली बहुतेक कधी ऐकलेलीही नसतात. ‘बोटोथ्री’ ॲमेझॉनच्या क्लाउडशी बोलण्यासाठी लागतं, आणि त्या क्लाउडमधली यंत्रं ते स्वतःच मागवत असतात. शिवाय त्याची नवी आवृत्ती कामाच्या जवळजवळ प्रत्येक दिवशी निघते, म्हणजे जपून ठेवलेली कालची फाइल आज शिळी. ‘सर्टिफाय’ तर दुसऱ्या पॅकेजांच्या पाठोपाठ येतं, सहसा कुणी नाव घेऊन मागत नाही.

पायपीआयने आकडा पानावरून काढला, पण माहिती दडवली नाही. डाउनलोडच्या नोंदी गूगलच्या ‘बिगक्वेरी’ सेवेत सगळ्यांसाठी खुल्या केल्या. ज्याला हवं त्याने स्वतः प्रश्न विचारावा, यंत्रांच्या नोंदी वगळाव्यात, देशवार किंवा आवृत्तीवार गाळावं. ही मांडणी शहाणपणाची वाटते. ठळक छापलेला एकच आकडा वाचणाऱ्याला विचार करू देत नाही. कच्ची नोंद निदान प्रश्न नीट विचारायला भाग पाडते. अर्थात लोकांना ठळक आकडाच हवा असतो. या खुल्या नोंदींवरून इतरांनी लगेच आकडे दाखवणाऱ्या साइट तयार केल्या आणि प्रकल्पांच्या पानांवर डाउनलोडचे बिल्ले पुन्हा झळकू लागले.

साइटचा आकडा आणि खरा वापर यांची फारकत भारतात एकदा ठळक दिसली होती. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मलेला व्हीएलसी मीडिया प्लेअर आपल्याकडे घरोघरी पोचलेला आहे. २०२२च्या सुरुवातीला त्याची मूळ वेबसाइट भारतात उघडेनाशी झाली. सुरुवातीला कारण कुणालाच सांगितलं गेलं नाही. व्हीएलसी बनवणाऱ्या ‘व्हिडिओलॅन’ने ‘इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन’च्या मदतीने ऑक्टोबरमध्ये सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मधल्या काळात अधिकृत साइटकडे भारतातून येणारी वर्दळ आटली, पण लोकांच्या संगणकांवरचा व्हीएलसी चालूच होता. मोबाइलवरचं ॲपही मिळत होतं. वापर तसाच, नोंद गायब. ज्यांना नव्याने हवा होता ते दुसऱ्या कुठल्यातरी साइटवरून उतरवत असतील, ही चिंता वेगळी. जानेवारी २०२५मध्ये व्हीएलसीने सहा अब्ज डाउनलोडचा टप्पा गाठल्याचं जाहीर झालं. जगाच्या लोकसंख्येशी ताडलं तर चारात तीन माणसं भरतात. अर्थात तसं कुणीच समजत नाही. नवी आवृत्ती, नवा लॅपटॉप, फॉरमॅट केलेला संगणक, प्रत्येक वेळी तोच माणूस पुन्हा मोजला जातो. आणि व्हीएलसी वापरणाऱ्याच्या संगणकावरून माहिती गोळा करत नसल्यामुळे याहून चांगला आकडा काढायची सोय तिथे नाही.

मग वापरणाऱ्यालाच का विचारू नये? डेबियन या लिनक्सच्या जुन्या, प्रतिष्ठित वाणाने नव्वदच्या दशकाअखेरीपासून हेच केलं. इन्स्टॉल करताना तो विचारतो: कोणती पॅकेजं वापरता याची माहिती पाठवू का? आधीच निवडून ठेवलेलं उत्तर ‘नको’ असतं. ‘हो’ म्हटलं तर आठवड्याला एक अहवाल जातो. त्यात नुसती यादी नसते. प्रत्येक फाइल शेवटची कधी उघडली गेली, याची वेळ संगणक लिहून ठेवतो. ती पाहून पॅकेज चार गटांपैकी एकात पडतं: नियमित वापरातलं, नुसतं पडून असलेलं, नुकतंच आलेलं म्हणून अजून सांगता न येणारं, आणि ज्यात तपासण्याजोगी फाइलच नाही असं. पूर्वी डेबियन सीडीवर वाटला जाई तेव्हा पहिल्या सीडीवर कुणाला जागा द्यायची हे या अहवालांवरून ठरे. मात्र वेग वाढवण्यासाठी अनेक जण फाइल उघडल्याची वेळ लिहिणंच बंद करतात. मग रोज वापरातलं पॅकेजही पडून असल्यासारखं दिसतं. त्यातही ‘हो’ म्हणणारे बहुधा हौशी. बँकेतले नाहीतर दूरसंचार कंपनीतले डेबियनचे सर्व्हर सांभाळणारे लोक असे अहवाल बाहेर जाऊ देत नाहीत.

उलटी पद्धत, म्हणजे आधी पाठवायचं आणि नको असेल त्याने बंद करायचं, मॅकवर पॅकेजं बसवून देणाऱ्या ‘होमब्रू’ने २०१६मध्ये गूगल ॲनालिटिक्स वापरून सुरू केली. त्यावर टीका झाली. पुढे त्यांनी गूगलला सोडून युरोपात ठेवलेल्या स्वतंत्र व्यवस्थेकडे मोर्चा वळवला. त्यांची एक सोय मात्र वाखाणण्यासारखी आहे: वापरणाऱ्याने नाव घेऊन मागितलेलं पॅकेज आणि दुसऱ्याच्या पाठोपाठ आलेलं पॅकेज ते वेगळं मोजतात. ‘ऑडॅसिटी’ या ध्वनिसंपादकाचं निभावलं नाही. मे २०२१मध्ये नव्या मालकांनी गूगल आणि यांडेक्सच्या सेवा वापरून माहिती गोळा करायचा बेत मांडला. लोक इतके भडकले की दीड-दोन आठवड्यांतच तो गुंडाळावा लागला.

फेब्रुवारी २०२३मध्ये गूगलच्या ‘गो’ भाषेच्या चमूतले रस कॉक्स यांनी हाच प्रश्न गणिताने सोडवायचा प्रयत्न केला. एखादी सोय किती टक्के लोक वापरतात, हे ९९ टक्के खात्रीने आणि एका टक्क्याच्या फरकाने जाणून घ्यायचं असेल, तर सुमारे साडेसोळा हजार नमुने पुरतात. वापरणारे दहा लाख असोत की दहा कोटी, नमुन्याचा आकार जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे प्रत्येकाकडून रोज माहिती ओढायची गरज नाही. प्रत्येक संगणकाची पाळी क्वचितच येईल अशी व्यवस्था चालते. गणित चोख होतं, पण त्याची एक अट आहे: नमुना चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा निघायला हवा. लोकांनी मनाने ‘हो’ म्हणायचं ठरलं की ही अट मोडते. कॉक्स यांनी म्हणूनच सगळ्यांना आपोआप सामील करायचं सुचवलं होतं. टीका झाली आणि काही आठवड्यांत त्यांनी माघार घेतली. ऑगस्ट २०२४च्या आवृत्तीत ही सोय आली ती अशी: मोजणी होते, पण वापरणाऱ्याच्याच संगणकावर साठते. त्याने परवानगी दिली तरच बाहेर जाते. संख्याशास्त्र हरलं आणि सभ्यता जिंकली, आणि ते ठीकच झालं. वापरणाऱ्याच्या विश्वासावरच उभ्या राहिलेल्या सॉफ्टवेअरने त्याच्या नकळत त्याला मोजणं शोभत नाही.

पायपीआयचा टाकलेला आकडा मात्र दुसऱ्याच कामासाठी परत आला. जुलै २०२२मध्ये साइटने जाहीर केलं की मागच्या सहा महिन्यांत सर्वाधिक डाउनलोड झालेले वरचे एक टक्का प्रकल्प ‘महत्त्वाचे’ मानले जातील आणि त्यांच्या सांभाळकर्त्यांना पासवर्डबरोबर दुसरी ओळखही द्यावी लागेल. साडेतीन हजारांवर प्रकल्प या कक्षेत आले. गूगलकडून चार हजार सुरक्षा-किल्ल्या फुकट वाटायची सोय झाली. हेतू उघड होता. अशा पॅकेजात कुणी घुसून विषारी कोड टाकला तर तो क्षणात लाखो यंत्रांवर पोचेल. इथे डाउनलोड माणसाने केलं की यंत्राने याला महत्त्व उरत नाही, कारण हल्ल्याला यंत्रंही पुरतात. लोकप्रियता मोजायला कुचकामी ठरलेला आकडा धोका मोजायला बरा निघाला.

सगळ्यांना हे पटलं नाही. ‘ॲटॉमिकराइट्स’ नावाचं छोटं पॅकेज फावल्या वेळात सांभाळणाऱ्याला वाटलं, फुकट काम करायचं आणि वर अटी ऐकायच्या? ‘महत्त्वाचं’ हा शिक्का जावा म्हणून त्याने ते काढून पुन्हा टाकलं. त्या खटाटोपात जुन्या आवृत्त्या उडाल्या आणि त्यांच्यावर विसंबलेली जगभरची चाचणी-यंत्रं अडखळू लागली. पायपीआयच्या व्यवस्थापकांनी त्या परत आणून दिल्या. १ जानेवारी २०२४पासून दुसरी ओळख पायपीआयवर खातं सांभाळणाऱ्या सगळ्यांनाच सक्तीची झाली, आणि वरचा एक टक्का कोण हे पाहायचं कारण उरलं नाही.