केबलवाल्या भाईंचं दशक

सुरतजवळच्या हजीरा पट्ट्यातल्या आमच्या वसाहतीच्या खांबांवरून लोंबणारी काळी केबल यंदा उतरवली. इच्छापोरच्या बाजूला ज्यांची कंट्रोल रूम होती, त्या भाईंनी धंदा आटोपला. गिऱ्हाईक उरलं नव्हतं. जी काही घरं शिल्लक होती त्यांना त्यांनी स्वतः येऊन सांगितलं, अनामत परत केली आणि चहा घेऊन गेले.

त्याच सुमारास आमच्या घरातल्या टीव्हीनं आणखी एक धक्का दिला. सासूबाई ज्या ॲपवर मराठी मालिका पाहतात, ते ॲप आता या टीव्हीवर चालणार नाही, असा मजकूर पडद्यावर आला. टीव्ही जेमतेम पाच वर्षांचा. काच स्वच्छ, आवाज ठणठणीत, रिमोटसुद्धा पहिलाच. कंपनीच्या मदत क्रमांकावरच्या मुलीनं नम्रपणे सांगितलं, "मॅडम, तुमचं मॉडेल जुनं झालं, नवीन घ्या, एक्स्चेंजमध्ये काही रक्कम मिळेल." ॲपवाल्यांना फोन करावा तर त्यांचा क्रमांकच कुठे नाही. तुम्ही लिहायचं आणि मशीननं उत्तर द्यायचं. मला त्याचा फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

ऐंशीच्या दशकात हजीऱ्याला कारखाने उभे राहू लागले. कृभकोचा खत कारखाना, ओएनजीसीचा वायू प्रकल्प, इथून बिजयपूर-जगदीशपूरकडे निघालेली वायुवाहिनी, लार्सन अँड टुब्रो, मग एस्सार आणि रिलायन्स. त्यांच्याबरोबर पुण्या-नाशिकचे इंजिनियर आले, जळगाव-धुळ्याचे फिटर आणि वेल्डर आले. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा घरात टीव्ही होता आणि त्यावर दूरदर्शन होतं. त्या काळाचे गोडवे पुष्कळांनी गायले आहेत. मला ते गाता येत नाहीत. १९८७ ला 'रामायण' सुरू झालं, रविवारी सकाळी रस्ते ओस पडले, हे सगळं खरं. पण गुजरातेत राहणाऱ्या मराठी बाईसाठी त्या पडद्यावर काय होतं? दिल्लीची हिंदी आणि अहमदाबादची गुजराती. उन्हाळ्यातल्या दमट संध्याकाळी, समुद्रावरची हवा अनुकूल असली, तर उंच पाइपावरच्या अँटेनाला बूस्टर लावून मुंबई केंद्र कसंबसं दिसायचं. पडद्यावर मुंग्या आणि त्यांच्यामागे कुणीतरी मराठीत बोलतंय. खाऱ्या वाऱ्यानं अँटेनाच्या काड्या दोन-तीन वर्षांत खाऊन टाकलेल्या असायच्या. बाकी त्या काळाबद्दल मला फारसं सांगायचं नाही.

१९९१ ला स्टार आलं, २ ऑक्टोबर १९९२ ला झी आलं, डिश आल्या. तेही भराभर पुढे ढकलते. माझं दशक, म्हणजे केबलवाल्या भाईंचं, सुरू होतं १९९६ च्या आसपास आणि संपतं २००६ च्या पुरात.

१५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू झालं. आमच्या बहिणी, नणंदा फोनवर 'आभाळमाया'बद्दल बोलायच्या आणि आम्ही ऐकून घ्यायचो. तापीपलीकडे उधना, लिंबायत, पांडेसऱ्याला अडचण नव्हती. तिथे यंत्रमागावरचा खानदेशी माणूस गल्लोगल्ली होता, त्यामुळे तिथल्या केबलवाल्याला मराठी चॅनल ठेवावंच लागे. हजीऱ्याच्या बाजूला आम्ही विखुरलेले. भाईंकडे मागणी केली तेव्हा त्यांनी आम्हाला थेट कंट्रोल रूममध्ये नेलं आणि अडचण दाखवली. रॅकमध्ये एकावर एक खोकी होती. प्रत्येक चॅनलला एक रिसीव्हर लागतो आणि एक मॉड्युलेटर. दोन्ही विकत आणायचे. शिवाय आपल्या गिऱ्हाइकांचे जुने टीव्ही ठरावीक चॅनलच पकडतात, म्हणजे एक आत घ्यायचं तर एक बाहेर काढावं लागणार. "कोणतं काढू ते तुम्हीच सांगा, भाभी," ते म्हणाले.

मग आम्ही बायकांनी कामं वाटून घेतली. वसाहतीतली मराठी घरं, बाहेर मोऱ्याला आणि कवासला भाड्यानं राहणारी कंत्राटदारांची कुटुंबं, सगळ्यांच्या सह्या गोळा केल्या. शेजारच्या गुजराती भगिनींनीही सह्या केल्या, कारण भाई कुणाचंही आवडतं चॅनल काढणार नव्हते. दिवसभर मिक्सर आणि पोट कमी करायचे पट्टे विकणारं एक चॅनल होतं, तेच जावं असं सर्वानुमते ठरलं. पुढच्या महिन्यात त्या जागी अल्फा मराठी दिसू लागलं. नंतर ई टीव्ही मराठीसुद्धा आलं. दिलीप प्रभावळकरांचे गंगाधर टिपरे आमच्या घरात आले ते या सह्यांच्या वाटेनं. मालिका संपली की गॅलरीतून गॅलरीत चर्चा सुरू व्हायची. आमची मुलं गुजराती माध्यमात नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकणारी. घराबाहेरची, चालू काळातली मराठी त्यांच्या कानावर पडली ती याच मालिकांतून. माझ्या मुलाला आज मराठीत विनोद करता येतो याचं निम्मं श्रेय मी त्या मालिकांना देते.

भाई काही संत नव्हते. गिऱ्हाईक किती याचा खरा आकडा देशातल्या बहुतेक केबलवाल्यांप्रमाणे त्यांनीही चॅनलवाल्यांना कधी सांगितला नसावा. स्वतःच्या खासगी चॅनलवर ते शुक्रवारी लागलेला सिनेमा रविवारी रात्री दाखवायचे आणि तो कुठून आला हे सगळ्यांना कळत होतं. पावसाळ्यात जोड सुटले की चित्रावर पाली चालल्यासारखे पट्टे यायचे. पण ते दर महिन्याला दारात यायचे. पैसे नसले तर "आवता महिने आपजो" म्हणून वही मिटायचे. चित्र खराब असेल तर त्या महिन्याचे वीस-पंचवीस रुपये कापून घेण्याचा हक्क आम्ही बजावत होतो आणि ते तो मानत होते. इतकी साधी गोष्ट आज जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांकडून मिळत नाही.

त्याच वर्षांत घरात वस्तूही आल्या. आमचा पहिला रंगीत संच व्हिडिओकॉनचा. औरंगाबादच्या धूत कुटुंबाची ही कंपनी, म्हणून माहेरच्या माणसाचा असावा तसा त्याचा अभिमान वाटायचा. शिंगं-शेपटीवाल्या सैतानाची ओनिडा शेजाऱ्यांकडे होती, बीपीएल वरच्या मजल्यावर. मग कोरियन कंपन्या आल्या आणि एकेक भारतीय नाव मागे पडत गेलं. व्हिडिओकॉनचं प्रकरण २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. कर्ज, भलत्याच धंद्यांत घातलेला पैसा, दूरसंचाराचा नाद, अशी कारणं वाचली. ज्यांनी देशाला रंगीत टीव्ही परवडेल असा करून दाखवला, त्यांनी आपलं मूळ काम सोडून तेलाच्या विहिरी आणि मोबाइलचे टॉवर यांमागे धावावं, याचं दुःख मला अजून होतं.

एक जुना हिशेब इथेच चुकता करते. त्या काळात म्युझिक सिस्टिमच्या खोक्यावर ठसठशीत अक्षरांत 'पीएमपीओ' वॅट छापलेले असायचे. दोन हजार, तीन हजार वॅट. स्पीकर एवढेसे, त्यांना जाणारी तार शिवणाच्या दोऱ्याइतकी. तो आकडा क्षणभराच्या कल्पित कमाल शक्तीचा असायचा, सलग मिळणाऱ्या खऱ्या ताकदीच्या कित्येक पट फुगवलेला. आमच्या वसाहतीत विजेचं काम करणारी माणसं भरपूर, त्यांनी दुकानदाराला विचारलं की एवढी वीज भिंतीतल्या प्लगमधून येते तरी कशी. उत्तर मिळालं नाही. हा आकडा छापणाऱ्यांना कुणी जाब विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आज टीव्हीच्या खोक्यावर जे भलते-भलते आकडे आणि 'एआय' छापलेलं असतं, त्याचे पूर्वज तेच.

त्याच दशकात सीडीही आल्या. मराठी नाटकांच्या सीडी सुरतेत मिळायच्या नाहीत, दादरहून आणाव्या लागत. पुढे मोझर बेअरनं तर २८ रुपयांत व्हीसीडी विकून चोरट्या प्रतींना खरी टक्कर दिली. ती कंपनीही २०१८ मध्ये अवसायनात गेली, पण त्या चकत्या माझ्या कपाटात आहेत आणि चालतात. कुणी परवाना काढून घेतला म्हणून त्या बंद पडत नाहीत.

मग ऑगस्ट २००६. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं तापी सुरतेत शिरली. रांदेर, अडाजण, शहराचा मोठा भाग आणि आमचा हजीरा पट्टाही पाण्यात गेला. तळमजल्यावरच्या लोकांनी सगळ्यात आधी म्हातारी माणसं वर आणली, मग गॅस सिलिंडर, मग धान्य. टीव्ही आणणं कुणाला जमलं नाही, कारण एकवीस इंची संच उचलायला दोन माणसं लागत. पाणी ओसरल्यावर रस्त्यारस्त्यावर चिखलानं माखलेल्या टीव्हींच्या रांगा होत्या.

त्यानंतरचे आठवडे मी विसरू शकत नाही. दुरुस्तीवाल्या कारागिरांनी संच उघडले, सर्किटची पाटी स्वच्छ पाण्यानं धुतली, ब्रशनं गाळ काढला, उन्हात वाळवली, गंजलेले कपॅसिटर बदलले, एलओटी नावाचा ट्रान्सफॉर्मर नवा टाकला. पिक्चर ट्यूब शाबूत असेल तर संच पुन्हा लागायचा. सगळे वाचले नाहीत, पण पुष्कळ वाचले. पुरात बुडालेली वस्तू काही शे रुपयांत परत उभी करणारे हे लोक होते. आज माझा कोरडा ठणठणीत टीव्ही एका निरोपानं निकामी होतो आणि जगातला कुठलाही कारागीर तो जिवंत करू शकत नाही, कारण बिघाड टीव्हीत नाहीच. आणि पॅनल गेलं तर? नव्या पॅनलची किंमत नव्या टीव्हीच्या जवळपास सांगतात. त्या कारागिरांपैकी जे उरले ते आता भिंतीवर टीव्ही टांगून देतात.

पुढची वर्षं मी झटपट उरकते, कारण त्यांत नावं बदलण्यापलीकडे काही घडलं असं मला वाटत नाही. त्याच २००६ च्या ऑगस्टमध्ये टाटा स्काय सुरू झालं होतं. छपरावर छोट्या डिश आल्या. धो धो पावसात चित्र जायचं, आणि आमच्याकडे पाऊस पडतो तो तसाच. सुरत शहरातल्या केबलला ३१ मार्च २०१३ ही डिजिटल होण्याची मुदत मिळाली. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक 'ट्राय'ची नवी दररचना आली. ग्राहकाला हवं तेवढंच घेता येईल, असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात एकही सशुल्क चॅनल घेण्याआधी १३० रुपये आणि त्यावर कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे नुसत्या जोडणीचे मोजावे लागत होते. सेवा बदलली की सेट टॉप बॉक्स भंगारात. कुठलाही बॉक्स कुठल्याही सेवेला चालावा अशी शिफारस 'ट्राय'नं एप्रिल २०२० मध्ये केली होती. आमच्या माळ्यावर तीन कंपन्यांचे बॉक्स पडून आहेत. आता लोक तेही सोडून चालले. डीटीएचचे सशुल्क ग्राहक २०२१ मध्ये सात कोटींच्या घरात होते, ते २०२५ पर्यंत सहा कोटींच्या खाली आले.

मुलगा मला ऐकवतो की, आई, आज सगळं मराठी जगात कुठेही मिळतं. ते मी मान्य करते, आणि मनापासून. मोऱ्याच्या खोल्यांमध्ये राहणारी शिरपूर-शहाद्याची कंत्राटी मुलं रात्री पाळी संपली की मोबाइलवर अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफिती बघतात. टीव्हीच्या कुठल्याही चॅनलनं अहिराणीला हक्काची जागा दिली नव्हती, यूट्यूबवर त्या भाषेला लाखोंनी प्रेक्षक आहेत. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं नसतं तर हे इतक्या लवकर घडलं नसतं.

पण मिळतं म्हणजे किती दिवस मिळतं? एक सेवा दुसरीत विलीन होते आणि यादीतली नाटकं-सिनेमे गायब होतात. पैसे भरलेल्या माणसाला जाहिराती दाखवायच्या, हा तर आता रिवाजच झाला. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओनं १७ जून २०२५ पासून भारतात तेच केलं. जाहिराती नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये आणखी. ज्यानं आधीच पैसे भरलेत त्याच्याकडून जुन्याच गोष्टीसाठी पुन्हा पैसे घेणं याला मी लूट म्हणते. आणि टीव्हीसुद्धा आता आपल्याला पाहतो. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीला, लोक काय पाहतात याची माहिती त्यांच्या संमतीशिवाय गोळा केल्याबद्दल, २०१७ मध्ये २२ लाख डॉलर मोजावे लागले. आमच्या भाईंना आम्ही काय पाहतो हे ठाऊक नव्हतं. आम्हाला काय पाहायचंय एवढं मात्र ठाऊक होतं, कारण आम्ही ते त्यांना जाऊन सांगत होतो.

आपल्याकडे टीव्ही वीज किती खातो याचे तारे छापणं बंधनकारक आहे. ते झालं तेव्हा कारखानदार बुडाले नाहीत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणाला सुरक्षेची अद्यतनं किमान कधीपर्यंत मिळतील हे उत्पादकाला जाहीर करावं लागतं. आपल्या ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ काढलं, ते चांगलंच आहे. आता एवढंच करावं: ताऱ्यांच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, या टीव्हीवर ॲप कोणत्या वर्षापर्यंत चालतील ते छापायला लावावं. दहा वर्षांपेक्षा कमी लिहिलेलं असेल तर मी तो टीव्ही घेणार नाही, आणि वसाहतीतल्या ज्या बायकांनी तेव्हा सह्या केल्या होत्या, त्यांच्यातल्या ज्या इथे आहेत त्यांनाही घेऊ देणार नाही. खात्याला पाठवायचा अर्ज लिहून झाला आहे. या रविवारी सह्यांना सुरुवात करतोय.