माळावर झाड लावण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळांवर खड्डे खणायला सुरुवात होते. २०१९ साली राज्याने ३३ कोटी रोपे लावण्याचे लक्ष्य ठेवले होते. एवढ्या रोपांना जागा शोधायची म्हटले की नजर जाते ती दप्तरी 'पडीक' नोंदलेल्या जमिनीकडे. जिथून सारा मिळत नाही ती जमीन बिनकामाची, हा इंग्रजी अमदानीतला हिशेब. तो अजून मोडलेला नाही. पण सह्याद्रीच्या पूर्वेकडचा माळ ही आपल्या पायावर उभी असलेली, फार जुनी जीवसृष्टी आहे. तिथे सरसकट झाडे लावली तर तिचा जीव जातो, मग हेतू कितीही चांगला असो.

यावर पहिला प्रश्न येतो तो असा, की इथे पूर्वी दाट जंगल असेल आणि माणसानेच ते तोडले असेल. कुऱ्हाड आणि चराई यांनी माळाचे रूप बदलले, हे खरेच आहे. पण ही पर्जन्यछायेची भूमी. बऱ्याच ठिकाणी पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटर, वर हातभर माती आणि खाली मुरूम. अशा जागी मारवेल, कुसळी, पवन्या ही गवते आणि मधूनच एखादा हिवर, बोर किंवा पळस, हेच निसर्गाने जमवलेले माप. अलीकडे संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी काव्य, कथा आणि मौखिक परंपरा धुंडाळून त्यांतल्या वनस्पतींच्या नोंदी काढल्या. त्यांतली बहुतेक झाडे उघड्या, गवताळ प्रदेशातलीच निघाली. म्हणजे आपल्या संतांच्या आणि गुराख्यांच्या डोळ्यांसमोर साधारण हाच माळ होता. शिवाय द्वीपकल्पाच्या गवताळ प्रदेशांत अशा कितीतरी वनस्पती आहेत, ज्या जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत. दोन-चारशे वर्षांच्या वृक्षतोडीतून इतक्या नव्या जाती जन्माला येत नसतात.

प्राण्यांचेही तसेच. काळवीट आणि चिंकारा यांचा सगळा भरवसा लांबवर पाहण्यावर आणि धावण्यावर. धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो. मातीच्या रंगाचीच असल्याने ती कुणाला दिसत नाहीत. लांडग्याला मोकळा माळ हवा, आणि त्या माळावर धनगरांचे वाडे शतकानुशतके उतरत आलेले. शेतात मेंढ्या बसवल्या की शेतकऱ्याला खत मिळते आणि कळपाला चारा. माळ गेला तर हा व्यवहारही मोडतो. माळढोकाची गोष्ट तर सर्वांत करुण. मादी सहसा एका वेळी एकच अंडे देते, तेही जमिनीवर. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी विजेच्या तारांवर आपटून मरतो. आज देशभरात दीडशेच्या आसपासच माळढोक उरले आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, पण त्याची हद्द कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर आखली गेली. त्यात गावे, शेते, बाजारपेठा सगळेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आल्याने लोक चिडले, आणि त्यांचा राग रास्त होता. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. यावरून कुणी म्हणेल, की संरक्षणाने माणसाचे नुकसानच होते. मला वाटते, तिथे नकाशाची राखण झाली, गवताची झाली नाही.

राहिला हवामानबदलाचा मुद्दा. झाड कार्बन साठवते, मग जास्त झाडे लावण्यात वाईट काय? गवताळ प्रदेश आपला बहुतेक कार्बन मुळांत आणि मातीत, जमिनीखाली ठेवतो. वणवा लागला तरी वरचे पाते जळते, खालचा साठा बव्हंशी शाबूत राहतो. खड्ड्यांसाठी माळ उकरला की तीच माती उघडी पडते. कमी पावसाच्या मुलखात गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे जगवायला पाणी लागते ते वेगळेच. झाडे हवीतच: उजाड झालेल्या घाटउतारांवर, ओढ्याकाठी, गावठाणात, रस्त्यांच्या कडेला. माळाला हवी आहे ती चराईची पाळी बांधून दिलेली विश्रांती, मूळचे गवत परत पेरण्याची मेहनत आणि सातबाऱ्यावर 'पडीक'ऐवजी 'गवताळ' असा एक शब्द.