तारीख बदलते कशी?

चावीच्या घड्याळात तास काट्याचं चाक १२ तासांत एक फेरा घेतं. त्याला लागून दुप्पट दात्यांचं चाक असतं, त्याचा फेरा २४ तासांचा. त्यावरचं बोट रोज रात्री ३१ दात्यांच्या रिंगला एक दाता पुढे ढकलतं आणि जंपर नावाचा स्प्रिंगचा खटका तिला जागेवर बसवतो.

तारीख दुपारी बदलली तर बिघाड नाही, काटे १२ तास पुढे फिरवा. माझ्या आजोबांच्या घड्याळात मात्र ती अर्धवटच सरकायची. दुकानदार म्हणाला, "पार्ट मिळत नाही, फेकून द्या." उघडलं तर जंपरपाशी नुसतं वाळलेलं तेल! जंपर व्हाइट पेट्रोलने धुतला. रिंग फक्त ब्रशने झाडली, नाहीतर आकडे पुसले गेले असते. जंपरच्या टोकाला सुईने तेलाचा कण लावला. डायल लावून चावी फिरवत राहिले. तारीख उडाली त्या क्षणी दोन्ही काटे १२ वर बसवले.

एक पथ्य पाळा. रात्री ९ ते ३ चावीने तारीख बदलू नका. तेव्हा बोट दात्यात गुंतलेलं असतं. जोर लावला तर दाता तुटतो, आणि मग पार्ट खरंच मिळत नाही.